शिलालेखातील एक नाव : मलेरिया-संशोधनातील भागीदारी आणि तिचे लेखन

कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी जनरल रुग्णालयाच्या, म्हणजे आजच्या एस.एस.के.एम. रुग्णालयाच्या, आवारभिंतीत एक स्मारक आहे. जानेवारी १९२७ मध्ये सर रोनाल्ड रॉस यांच्या उपस्थितीत त्याचे अनावरण झाले. जवळच्याच एका लहानशा प्रयोगशाळेत १८९८ साली रॉस यांनी डासांमार्फत मलेरिया कसा पसरतो याचा शोध लावला, असे त्यावरील लेख सांगतो. सोबत रॉस यांच्याच कवितेच्या ओळी कोरलेल्या आहेत. शोध लावणारा, त्याचे काव्य रचणारा आणि स्मारकाला साक्षी असणारा असा एकच पुरुष तेथे उभा राहतो. वास्तविक या शोधाचा इतिहास हा भागीदारीचा इतिहास आहे. ही भागीदारी कोणत्या लेखनप्रकारात टिकली आणि कोणत्या लेखनप्रकारात लोपली, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकालाही विचार करावयास लावणारा आहे.

या इतिहासाचा प्रारंभ भारताबाहेर होतो. १८७७ साली चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरांनी हत्तीरोगाशी संबंधित सूक्ष्म कृमींची वाढ डासाच्या शरीरात होते, हे दाखवून दिले. त्यासाठी डासांना ज्यांचे रक्त दिले गेले ते हिन लो मॅन्सन यांच्या पदरी नोकरीस होते आणि स्वतः त्या रोगाने बाधित होते. रोगवाहक डासाची कल्पना वैद्यकशास्त्रात रुजली ती अशा रीतीने एका चाकराच्या देहावर. पुढे १८८० मध्ये अल्जीरियात लाव्हरान यांना मलेरियाचे परजीवी रुग्णाच्या रक्तात आढळले. १८९४ साली रजेवर लंडनला गेलेल्या रॉस यांना मॅन्सन यांनी ते परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले आणि मलेरियाचा वाहकही डासच असावा, हे आपले अनुमान त्यांच्यापुढे मांडले.

अल्मोड्यात जन्मलेले आणि १८८१ पासून भारतीय वैद्यकीय सेवेत असलेले रॉस १८९५ मध्ये सिकंदराबादेस परतले. त्यानंतरच्या चार वर्षांतील रॉस-मॅन्सन पत्रव्यवहार १९९८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. या पत्रांत शोध पूर्ण झालेला नाही. तो घडत आहे. एक तर्क मांडला जातो, उत्तर येईपर्यंत तो मोडतो, चुकीच्या जातीच्या डासांवर महिनोन्‌महिने वाया जातात. पत्र हा प्रकारच असा, की त्यात दुसरा माणूस गृहीत असतो. ‘मी’ लिहिणाराला ‘तुम्ही’ची गरज असते. लंडनमधील तर्क आणि दख्खनमधील निरीक्षण यांच्यातील हजारो मैलांचे अंतर या पत्रांनी सांधले.

मात्र या पत्रांनाही एक मर्यादा आहे. ज्यांच्यावाचून प्रयोग अशक्य होता, त्यांना त्यांत ‘तुम्ही’ म्हणून स्थान नाही. ते तृतीयपुरुषातच राहतात. सिकंदराबादेतील हुसेन खान या रुग्णाला चावणाऱ्या प्रत्येक डासामागे एक आणा देण्यात आला. त्यांचे रक्त प्यायलेल्या, ठिपकेदार पंखांच्या डासाच्या जठरभित्तीत २० ऑगस्ट १८९७ रोजी रॉस यांना मलेरियाच्या परजीवींच्या पेशी दिसल्या. हा डास अ‍ॅनॉफिलिस होता. त्या आनंदात रॉस यांनी कविता रचली. हुसेन खान यांचा उल्लेख उरला तो आण्यांच्या हिशेबात.

१८९८ मध्ये रॉस कलकत्त्यास आले. प्लेगमुळे शहरात अस्वस्थता होती आणि रक्ताची तपासणी करू देण्यास माणसे तयार नव्हती. तेव्हा रॉस पक्ष्यांच्या मलेरियाकडे वळले. त्यांनी दोन मदतनीस नेमले. त्यांतील पुरबूना लवकरच निघून गेले. महंमद बक्ष मात्र टिकले. डासांच्या अळ्या शोधणे, डास वाढविणे, पक्षी सांभाळणे आणि मच्छरदाणीत डासांना पक्ष्यांवर सोडणे ही कामे ते करीत. किशोरीमोहन बंद्योपाध्याय यांचेही साहाय्य या काळात लाभले. जुलै १८९८ मध्ये परजीवी डासाच्या लालाग्रंथीत पोहोचतात आणि दंशावाटे निरोगी पक्ष्याच्या शरीरात शिरतात, हे सिद्ध झाले. त्याच महिन्यात एडिंबरो येथील ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या अधिवेशनात ही वार्ता जाहीर केली ती मॅन्सन यांनी. त्याच वर्षी इटलीत ग्रासी, बिग्नामी आणि बास्तियानेल्ली यांनी मानवी मलेरियाचा अ‍ॅनॉफिलिसमार्फत होणारा प्रसार दाखविला. १९०२ चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या रॉस यांना मिळाले. ग्रासी यांच्याशी त्यांचा श्रेयाचा वाद दीर्घकाळ चालला आणि मॅन्सन यांच्याशी असलेला स्नेहही टिकला नाही.

या पार्श्वभूमीवर १९२३ साली रॉस यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याला त्या वर्षीचे जेम्स टेट ब्लॅक पारितोषिक मिळाले, म्हणजे साहित्यकृती म्हणूनही त्याची दखल घेतली गेली. एकेकाळी शंका आणि आशा वाहून नेणारी पत्रे येथे श्रेयाच्या खटल्यातील पुरावे होतात. मजकूर तोच, पण लेखनप्रकार बदलताच त्याचे प्रयोजन पालटते. संवादाचे रूपांतर साक्षीत होते. असे असले तरी महंमद बक्ष आणि पुरबूना यांची नावे वाचकापर्यंत पोहोचतात ती याच ग्रंथामुळे, हेही नमूद केले पाहिजे. आत्मगौरवाच्या संहितेतही इतरांच्या पाऊलखुणा राहतात.

शोधानंतरचे काम होते नियंत्रणाचे, आणि तेथे पगारी मदतनिसांवर भागणारे नव्हते. १९०२ पासून लाहोरजवळील मियाँ मीर छावणीत डासनिर्मूलनाचा लष्करी शिस्तीचा प्रयोग झाला; त्याला अपेक्षित यश आले नाही. मुंबईतील प्रश्न आणखी निराळा होता. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ च्या आपल्या अहवालात शहरातील मलेरियाचे मूळ विहिरींत वाढणाऱ्या अ‍ॅनॉफिलिस स्टिफेन्सी या डासात असल्याचे दाखविले. विहिरी बुजवाव्यात किंवा झाकाव्यात, हा त्याचा सरळ निष्कर्ष होता. परंतु विहिरीचे पाणी हे पारशी आणि हिंदू कुटुंबांच्या धर्माचरणाचा भाग होते. बंद झाकणाखालचे पाणी पूजेला कसे चालावे, हा त्यांचा प्रश्न होता. अखेर अशा विहिरींवर बारीक जाळी बसविण्यासारखे मधले मार्ग स्वीकारावे लागले. डासाला अडविणारी आणि श्रद्धेला वाट देणारी ती जाळी ही वाटाघाटीतून निघालेली युक्ती होती. येथे सामान्य माणूस केवळ रक्त देणारा राहत नाही. तो आपली अट घालतो. कलकत्त्यातील शिलालेखापेक्षा मुंबईतील हा अहवाल अधिक रुक्ष खरा, पण इतरांचे म्हणणे ऐकण्याची गरज त्याच्या अंमलबजावणीतच निर्माण झाली.

रॉस यांच्या कथेतील मौनाला साहित्याने दिलेले उत्तर म्हणजे अमिताव घोष यांची ‘द कलकत्ता क्रोमोसोम’ ही कादंबरी. तिला १९९७ चा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला. प्रयोगशाळेतील झाडूवाली आणि नोकर हेच ज्ञानाचे खरे सूत्रधार असून रॉस यांना अजाणता त्यांनीच मार्ग दाखविला, अशी कल्पना घोष करतात. अभिलेखातील रिकाम्या जागेत कल्पित उभे करण्याचे हे सामर्थ्य मान्य करावे लागते. मात्र या उलटापालटीत एक धोका संभवतो. रॉस यांच्या जागी गुप्त सूत्रधार आला, तरी श्रेय पुन्हा एकाच ठिकाणी एकवटते. महंमद बक्ष यांचे खरे कार्य गूढ नव्हते. दिवसचे दिवस डास वाढविण्याचे ते कष्टाचे, कुशल काम होते. त्याला न्याय देण्यासाठी चमत्काराची आवश्यकता नाही. श्रमाचे साधे वर्णन पुरेसे आहे.

विसाव्या शतकाअखेरपर्यंत अशा श्रमांच्या विभागणीचे स्वरूप पुष्कळच बदलले. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या आर२१ या मलेरिया-लशीचे उदाहरण त्या दृष्टीने बोलके आहे. ती ऑक्सफर्ड विद्यापीठात विकसित झाली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तिचे उत्पादन होते, तिच्यातील परिणामवर्धक घटक नोव्हाव्हॅक्स कंपनीचा आहे आणि तिच्या चाचण्या बुर्किना फासो, माली, केनिया व टांझानिया येथे झाल्या. बुर्किना फासोतील नानोरो येथील संशोधनाचे नेतृत्व हालिदू तिंतो या त्याच देशाच्या शास्त्रज्ञाने केले. वसाहतीत नमुने आणि महानगरात सिद्धान्त ही जुनी वाटणी येथे मोडलेली दिसते. शोधनिबंधाच्या आरंभी असलेली लेखकांची लांबलचक यादी हा जणू कलकत्त्याच्या शिलालेखाला दिलेला प्रतिसादच आहे.

तरीही त्या यादीनंतर निबंधात येतात ते आकडे. लस टोचून घेणारी बालके आणि त्यांना केंद्रावर घेऊन येणाऱ्या माता त्यांत संख्यारूपानेच असतात. खासगीपण जपण्याचा नियम त्यामागे आहे आणि तो योग्यच आहे. हुसेन खान यांचे नाव त्यांच्या संमतीचा विचार न करता नोंदले गेले; नानोरोतील बालकांची नावे त्यांच्या हितासाठी वगळली जातात. दोन अनुल्लेखांतील हा भेद ओळखल्याशिवाय विज्ञानलेखनाचा नैतिक इतिहास सांगता येणार नाही. भागीदारीची कसोटी नाव कोरले गेले की नाही एवढ्यावर ठरत नाही. मुंबईच्या विहिरींवरील जाळीप्रमाणे, ज्याच्या जगण्यात शास्त्र हस्तक्षेप करते त्याला आपली अट घालता आली काय, यावर ती ठरते.