पवनारची पांढरी आणि सांकलियांची शिस्त

वर्ध्यापासून सुमारे ८ किलोमीटरवर, धाम नदीच्या काठी पवनार हे गाव आहे. १९३८ साली विनोबा भावे येथे राहायला आले. पुढे आश्रमाची जमीन खणताना जुनी शिल्पे निघाली; त्यांतले राम-भरताच्या भेटीचे शिल्प विशेष प्रसिद्ध आहे. या शिल्पांमागे कोणते नगर होते, याचा शोध दोन वाटांनी घेतला गेला.

पहिली वाट ताम्रपटांची. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे वर्धा जिल्ह्यातील जांब व बेलोरा येथे सापडलेले ताम्रपट त्याच्या राज्यवर्ष २ आणि ११ मधले असून ते नंदिवर्धनहून दिलेले आहेत. अमरावती जिल्ह्यातील चम्मकचा ताम्रपट वर्ष १८ चा आणि तो प्रवरपूरहून दिलेला. म्हणजे मधल्या काळात राजधानी हलली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे प्रवरपूर म्हणजे पवनार, असे मत मांडले.

दुसरी वाट मातीची, आणि ती दाखवली डेक्कन कॉलेजच्या हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी. इंग्लंडमध्ये मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात काम केल्यावर ते १९३९ साली पुण्यात रुजू झाले. मातीचे थर रंग आणि पोत पाहून वेगळे करायचे, सापडलेल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या थराचा क्रमांक घालायचा आणि एकाच विद्येवर विसंबायचे नाही, ही त्यांची शिस्त. १९५४ ते ५६ मध्ये झालेल्या नेवाशाच्या उत्खननाच्या अहवालावर सांकलिया, शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी यांच्यासोबत जर्मन मानवशास्त्रज्ञ सोफी एरहार्ट यांचेही नाव आहे. खापर, हाडे, धान्य, नाणी, सारे एकाच कथेचे साक्षीदार मानले गेले.

सांकलियांचे विद्यार्थी देव नागपूर विद्यापीठात आले आणि ही शिस्त विदर्भात रुजली. १९६७ साली देव आणि म. के. ढवळीकर यांनी पवनारला उत्खनन केले. अहवाल पुढच्याच वर्षी निघाला. गावकरी शेताला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती साचून ही पांढरी टेकाडासारखी उंचावते. खड्ड्याच्या उभ्या कापात ते थर एकावर एक दिसतात. नंतरच्या लोकांनी खणलेला एखादा खड्डा खालच्या थरात शिरला असेल, तर तो वेगळा ओळखावा लागतो. नाहीतर कालची खापरी हजार वर्षे जुनी ठरते. पवनारच्या थरांनी दाखवले की येथील वस्ती वाकाटकांहून जुनी असून ती मध्ययुगापर्यंत टिकली.

यानंतर देवांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड येथील लोहयुगीन स्थळे खणली. नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, तेव्हा धातूचा अभ्यासही पुरातत्त्वाच्या कामाचा भाग झाला. ढवळीकरांनी इनामगावला सांकलिया व अन्सारींबरोबर हीच पद्धत अधिक विस्ताराने वापरली.

प्रवरपूरचा वाद अजून मिटलेला नाही. रामटेकजवळच्या मनसर येथे 'प्रवरेश्वर' या नावाची मुद्रा मिळाल्यावर काही अभ्यासकांचा कल तिकडे गेला. पण निर्णय कोणताही होवो, तो ताम्रपट आणि थर दोन्ही शेजारी ठेवूनच करावा लागेल. विदर्भाच्या पुरातत्त्वाला सांकलियांनी दिलेला खरा वारसा हाच आहे.