कृत्रिम जुनेपणा आणि भाषेची साक्ष
(सातारा व सांगली परिसरातील कागदपत्रांच्या निमित्ताने)

१

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मराठ्यांच्या इतिहासाच्या लिखित साधनांचे मोठे भांडार होत. प्रशासनाच्या दृष्टीने त्यांचा बराच भाग दीर्घकाळ एकत्र होता. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा स्वतंत्र जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. वाई येथे सापडलेल्या कागदांच्या आधारे वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. त्याच सुमारास, १८९७ पासून, मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’च्या रूपाने छापावयास आरंभ केला. साताऱ्यास द. ब. पारसनीस यांनी जमविलेल्या कागदांसाठी व चित्रांसाठी १९२५ मध्ये संग्रहालयाची इमारत उभी राहिली. तो संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नेण्यात आला.

जेथे जुन्या कागदास किंमत असते, तेथे कागद जुना करून दाखविण्याचा मोहही असतो. खोटा कागद करणाऱ्यास दोन कामे करावी लागतात. पहिले, मजकूर रचणे; दुसरे, त्या मजकुरास शोभेल असे वय कागदास आणणे. पहिल्या कामाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसऱ्याचा विचार त्या मानाने कमी झाला. आणि ही दोन्ही कामे एकाच कसोटीस कशी उतरतात किंवा उतरत नाहीत, याचा विचार तर त्याहून कमी. तो येथे संक्षेपाने करावयाचा आहे.

२

कूटलेखाची भीती नवी नव्हे. राजाचे शासन खोटे करणाऱ्यास मनुस्मृतीने वधाची शिक्षा सांगितली आहे. लेखाविषयी संशय आल्यास लिहिणाऱ्याच्या हातच्या इतर लिखाणाशी तो ताडून पाहावा, असा याज्ञवल्क्यस्मृतीचा दंडक आहे. मराठेशाहीत वतनाचे तंटे गोतसभेत किंवा मजलशीत चालत. उभय पक्षांचे कागद पाहून व साक्षी घेऊन महजर होई. शिक्का, हस्ताक्षर आणि मागील भोगवटा या तिन्हींचा मेळ बसतो की नाही, हे पाहण्याकडे त्या सभेचे लक्ष असे.

इंग्रजी अमलात या प्रश्नास निराळे वळण लागले. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले. १८५२ च्या ११ व्या कायद्याने दख्खन, खानदेश व दक्षिण मराठा मुलूख येथील इनामांच्या चौकशीस कायद्याचे अधिष्ठान मिळाले. आता गोताच्या आठवणीपेक्षा सरकारी अधिकाऱ्यासमोर ठेवावयाचा कागद अधिक मोलाचा ठरला. ज्या घरात सनद वाळवीने खाल्ली, आगीत जळाली अथवा कृष्णा-वारणेच्या पुरात भिजून गेली, त्या घराचा हक्क खरा असूनही दुबळा झाला. उलट, ज्याच्याजवळ ‘जुना’ कागद होता, त्याचा हक्क कागदाच्या वयामुळेच बळावला. कागद जुना दिसणे ही अशा वेळी केवळ हौसेची बाब राहिली नाही. कुटुंबाच्या पुढील पिढ्यांचे अन्न त्यावर अवलंबून होते.

कागदांच्या खरेखोटेपणावर याच साताऱ्यात एकदा गादी पणास लागली होती, याचेही येथे स्मरण करणे अवश्य आहे. पोर्तुगीजांशी गुप्त संधान बांधल्याचा व इंग्रजी फौजेतील देशी अधिकाऱ्यांस फितविल्याचा आरोप ठेवून सप्टेंबर १८३९ मध्ये छत्रपती प्रतापसिंह यांना पदच्युत करण्यात आले. पुराव्यादाखल पुढे केलेली पत्रे व त्यांवरील शिक्के बनावट आहेत, असे त्यांच्या पक्षाचे म्हणणे होते. आणि ते मांडण्यासाठी रंगो बापूजी यांनी लंडनमध्ये तेरा वर्षांच्या आसपास काळ वेचला. प्रतापसिंह १८४७ साली काशीस निवर्तले. गादी त्यांना परत मिळाली नाही. त्या प्रकरणातील वाद जुनेपणाचा नव्हता, अस्सलपणाचा होता. तथापि कागदाच्या परीक्षेवर केवढे भवितव्य टांगलेले असू शकते, हे त्यावरून कळते.

३

वस्तूस कृत्रिम वय आणण्याची कला केवळ कागदापुरती मर्यादित नाही. तिचे एक आधुनिक उदाहरण येथे उपयोगी पडेल. १९५५ च्या सुमारास वैमानिकांच्या सोयीसाठी रोलेक्स कंपनीने जी. एम. टी. मास्टर हे मनगटी घड्याळ काढले. त्याच्या तबकडीभोवती तांबडे व निळे असे दुरंगी कडे असे. हे कडे पुढे रंग चढविलेल्या ॲल्युमिनियमचे होऊ लागले. वर्षानुवर्षे ऊन लागून त्याचा तांबडा रंग गुलाबीकडे व निळा रंग राखाडीकडे झुकतो. संग्राहकांना हा उडालेला रंगच प्रिय झाला आणि त्यास अधिक किंमत येऊ लागली. मग रंग उडविणारे द्रावण किंवा उष्णता वापरून नवे कडे काही तासांत जुने करण्याचा उद्योग निघाला. परंतु ऊन सर्वत्र सारखे पडत नाही. झाकलेल्या भागात मूळ रंग राहतो, उघड्या भागातून तो क्रमाक्रमाने जातो. द्रावण मात्र सगळीकडे सारखेच काम करते. जाणकार पाहतो ते रंग किती उडाला हे नव्हे, तर तो कोणत्या क्रमाने उडाला हे.

कागदाचेही असेच आहे. हातकागद हवा, उजेड व ओल यांच्या संसर्गाने कडांकडून पिवळा-तपकिरी होत जातो. घडीच्या आत दडलेला भाग त्या मानाने उजळ राहतो. चहाच्या किंवा हळदीच्या पाण्यात बुडविलेला अथवा धुरावर धरलेला कागद आतबाहेर एकाच छटेचा होतो. घडीवर आणि कसरीच्या भोकांवर तर शाई स्वतःच साक्ष देते. कागद आधी लिहिला गेला व नंतर मोडला, तर मोडलेल्या रेषेवर अक्षर तुटते. उलट, आधी मोडलेल्या कागदावर लिहिले, तर विस्कटलेल्या तंतूंमध्ये शाई पसरते. भोकाच्या कडेने शाई झिरपलेली दिसली, तर भोक अक्षराहून जुने, हे उघड आहे.

शाईविषयी एक गैरसमज दृढ आहे. जुनी शाई तांबूस व फिकी असावयाची, असे सामान्यतः मानले जाते. ते लोहयुक्त शाईस लागू पडते. आपल्याकडील काजळ व डिंक यांची शाई कार्बनची असल्याने शतके लोटली तरी काळीच राहते. ओलीने ती पुसली जाईल, पण तपकिरी होणार नाही. म्हणून काजळी शाईच्या परंपरेतला म्हणून दाखविलेला फिक्या तांबूस अक्षराचा कागद विशेष संशयास्पद मानावा. बनावट करणाऱ्याने येथे जुनेपणाची नक्कल केलेली नसते. जुनेपणाविषयीच्या लोकसमजुतीची नक्कल केलेली असते.

ही साधी युक्ती जगभर चालते. १९८३ मध्ये जर्मनीत हिटलरच्या म्हणून प्रसिद्ध झालेल्या रोजनिशीच्या पानांवर ती रचणाऱ्याने चहा ओतून जुनेपणा आणला होता. प्रयोगशाळेत कागदात उजाळा आणणारे रासायनिक द्रव्य आढळले. हे द्रव्य दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातले असल्याने सारा बनाव एका परीक्षेत कोसळला.

४

पदार्थाची परीक्षा अशी निर्णायक असली, तरी ती प्रत्येक वेळी शक्य नसते. कित्येकदा अभ्यासकापुढे मूळ कागद नसून छायाचित्र किंवा छापील पाठच असतो. शिवाय, निपुण बनाव करणारा जुन्या वहीतील कोरी पाने मिळवितो. तेव्हा कागद खरोखरच जुना असतो. अशा वेळी भाषेची साक्ष घ्यावी लागते. तिचे सामर्थ्य लोरेन्झो वाल्ला या इटालियन पंडिताने १४४० मध्येच दाखवून दिले होते. सम्राट कॉन्स्टन्टाइनने पोपला राज्य दिल्याचे सांगणाऱ्या दानपत्रातील लॅटिन चौथ्या शतकातील असू शकत नाही, हे त्याने शब्दाशब्दाने सिद्ध केले. रोमच्या राजपत्रात ‘सत्रप’ कोठून आले, हा त्याचा प्रश्न आजही आदर्शवत आहे.

आपल्याकडे ताम्रपटांच्या बाबतीत हीच पद्धती लिपीच्या आधारे वापरली गेली. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली ‘इंडियन ॲन्टिक्वेरी’त बनावट लेखांची चर्चा केली. कोडगूमधील मर्करा ताम्रपट स्वतःस ३८८ व्या वर्षाचा म्हणवितो, पण त्याची लिपी कित्येक शतके नंतरची आहे. सातारा व सांगली या नावांनी ओळखले जाणारे दोन ताम्रपट मात्र या कसोटीस उतरले आहेत : विष्णुवर्धन युवराज असतानाचा, सातव्या शतकाच्या आरंभीचा सातारा ताम्रपट, आणि राष्ट्रकूट चौथा गोविंद याचा शके ८५५ चा सांगली ताम्रपट. तांब्यावर हिरवा गंज चढविता येतो. अक्षरांच्या वळणावर शतक चढविणे त्याहून पुष्कळ कठीण आहे.

मोडी कागदात भाषेची साक्ष तीन ठिकाणी मिळते. पहिले ठिकाण कालनिर्देशाचे. शुहूर सनाचे वर्ष अरबी संख्याशब्दांनी लिहीत व तेही एकक, दशक, शतक, सहस्र या क्रमाने : ‘तिसा सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७९. हे वर्ष मृगापासून सुरू होते आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले असता इसवी सन येतो. म्हणजे येथे १७७८-७९. पुढे ‘छ’ या खुणेने मुसलमानी महिन्याचा चंद्र येतो. क्वचित तिथी व वारही येतात. एवढ्या अंगांचा परस्पर मेळ बसविणे पंचांगाची साधने हाती नसलेल्यास अवघड जाते. राज्याभिषेक शकाचा उल्लेख १६७४ च्या पूर्वीच्या कागदात आला, तर अधिक चर्चेची गरजच राहत नाही.

दुसरे ठिकाण मायन्याचे व समाप्तीचे. ‘अज रख्तखाने’ हा आरंभ, ‘राजमान्य राजेश्री’ हा गौरव, ‘जाणिजे’, ‘लेखनसीमा’, ‘मोर्तब सूद’ ही समाप्तीची अंगे मनास येईल तशी वापरली जात नसत. कोणी कोणास लिहावयाचे, यावर त्यांची योजना ठरे. तसेच मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सामान्यतः पाळला जात नाही, शब्द तोडून लिहिले जात नाहीत, विरामचिन्हे नसतात. स्वल्पविराम व पूर्णविराम यांची सवय छापील पुस्तकांनी व शाळेने लावली. सतराव्या शतकाच्या म्हणून आलेल्या कागदात शब्दाशब्दांत अंतर व वाक्याच्या शेवटी टिंब दिसले, तर लिहिणारा कोणत्या शाळेत शिकला हे विचारावेसे वाटते.

तिसरे ठिकाण शब्दसंग्रहाचे. राजवाडे यांनी आपल्या आठव्या खंडाच्या प्रस्तावनेत निरनिराळ्या काळच्या पत्रांतील शब्द मोजले. १६२८ च्या पत्रात मराठी शब्दांचे प्रमाण शेकडा सुमारे १४, तर १७२८ च्या पत्रात सुमारे ९३ पडले. राज्यव्यवहारकोशाची रचना याच दोन टोकांच्या मधली. म्हणून आदिलशाही काळातील म्हणविणारी, पण शुद्ध संस्कृतप्रचुर मराठीत लिहिलेली सनद पाहताच मन साशंक होते.

५

तथापि या कसोट्यांच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. राजवाड्यांची मोजणी मोजक्या पत्रांवर आधारलेली आहे. पत्राचा विषय, लिहिणारा व स्थळ यांप्रमाणे फारसीचे प्रमाण बदलते. गावच्या महजरात जुनी फारसी परिभाषा पेशवाईतही टिकून होती. केवळ शेकडेवारीवरून निवाडा करणे न्याय्य नव्हे.

याहून महत्त्वाची गोष्ट नकलेची. मूळ सनद जीर्ण झाली म्हणजे घरचा कुलकर्णी किंवा कारकून तिची तालीक करी. नक्कल करणाऱ्याच्या हातून नकळत त्याच्या काळचे रूप येते : ‘जाले’ किंवा ‘जाहाले’ याच्या जागी ‘झाले’ पडते, न कळलेला फारसी शब्द सोपा होतो, एखादा गौरवशब्द वाढतो. अशा कागदाची भाषा त्यावरील तारखेपेक्षा नवी असते, पण तो खोटा नसतो. बनावट कागदात नेमका उलट प्रकारही आढळतो. तेथे जुनेपणा अतिरिक्त असतो. प्रत्येक ओळीत आर्ष रूपे पेरलेली, निरनिराळ्या काळांतील रूढ शब्द एकत्र आलेले, आणि व्यवहाराचा तपशील मात्र विरळ. खऱ्या कागदाला आपण जुने आहोत याची जाणीव नसते. लिहिला गेला त्या दिवशी तो नवाच होता.

म्हणून परीक्षकाने दोषांची संख्या मोजण्यापेक्षा दोषांची जात ओळखावी. नव्या रूपांनी मळलेला, पण क्षेत्र, सीमा, हक्क व साक्षीदार यांविषयी बोलका असलेला कागद बहुधा नक्कल होय. रूपांनी जुना, पण व्यवहारात मुका असलेला कागद बहुधा बनाव होय. ‘बहुधा’ हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे; अंतिम निर्णयास पदार्थाची व भोगवट्याची साक्ष जोडावीच लागते.

ही सावधगिरी केवळ विद्वत्तेच्या समाधानासाठी नाही. २००५, २०१९ व २०२१ सालच्या महापुरांत कृष्णाकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. पुरात भिजून वाळलेला शंभर वर्षांचा कागद तीनशे वर्षांचा दिसू शकतो. ज्याने तो जपला त्याचा यात काही अपराध नसतो. केवळ डाग पाहून अशा कागदास प्राचीन ठरविणे जितके चुकीचे, तितकेच त्यास बनावट ठरवून टाकून देणेही चुकीचे. बनावट कागद खरा मानल्याने इतिहासात एक असत्य वाढते, ते पुढील संशोधनाने काढून टाकता येते. पण खरी नक्कल बनावट म्हणून फेकली गेली, तर तिच्यातील मजकूर कायमचा जातो. सातारा व सांगली येथील घराघरांत उरलेले कागद पाहताना या दुसऱ्या हानीचे भय पहिल्या हानीपेक्षा अधिक बाळगावयास हवे.