महाडचा ठराव आणि आपले नवे नगरसेवक



राज्यातील नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचे निकाल डिसेंबर २०२५ मध्ये लागले, महानगरपालिकांचे जानेवारी २०२६ मध्ये. ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादात या निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या होत्या. मुंबईसारख्या महापालिकेत मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार होता. म्हणून निकालानंतरचा वस्त्यावस्त्यांतला जल्लोष आम्हाला समजतो. गुलाल उधळला, डीजे वाजला, बॅनर लागले, सत्कार झाले. पण त्यानंतर कार्यकर्ते आपापल्या घरी गेले आणि आपला नगरसेवक सभागृहात एकटाच उरला. आमचा प्रश्न त्याच्या या एकटेपणाबद्दल आहे. निवडून आलेल्या माणसाच्या पाठीशी चळवळ उभी नसेल तर काय होते, हे आपल्या इतिहासाने फार आधी दाखवून दिले आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणीसांसारखे सुधारक त्या नगरपालिकेच्या कारभारात होते. म्हणजे कायदे मंडळाचा निर्णय होता, नगरपालिकेचा ठराव होता, चांगली माणसेही होती. तरीही आपल्या माणसाला त्या तळ्यावर ओंजळभर पाणी मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या कागदात पहिल्यांदा जीव आला.

पुढचा भाग आपण भाषणांत फारसा सांगत नाही. सनातन्यांनी तळ्याचे शुद्धीकरण केले आणि नगरपालिकेवर दबाव आणला. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. सनातनी दिवाणी न्यायालयात गेले. बाबासाहेब तो दावा वर्षानुवर्षे लढले आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. ठराव करणाऱ्या सभागृहानेच तो फिरवला होता. हक्क टिकला तो सत्याग्रहामुळे आणि दहा वर्षे चिवटपणे चालवलेल्या कज्ज्यामुळे.

बाबासाहेबांना स्थानिक सत्तेचे हे स्वरूप पुरते कळले होते. १९३२ मध्ये ग्रामपंचायत विधेयक मुंबई कायदे मंडळात आले, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. प्रौढ मताधिकार दिला तरी गावात मूठभर असलेल्या आपल्या समाजाचा माणूस निवडून येणार नाही, म्हणून राखीव जागा हव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. जातीच्या पूर्वग्रहांनी ग्रासलेल्या पंचांच्या हाती न्यायदान देण्यासही त्यांचा विरोध होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेतही खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी खडे बोल सुनावले. आपले विरोधक याला बाबासाहेबांचा ग्रामद्वेष म्हणतात. आम्ही याला समाजशास्त्र म्हणतो. सत्ता जितकी गावाजवळ येते, तितकी ती गावातल्या जातीच्या उतरंडीच्या हाती लागते. ही उतरंड अडवण्याची तरतूद कायद्यातच हवी, एवढेच त्यांचे सांगणे होते.

ती तरतूद यायला १९९३ उजाडले. त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एक तृतीयांश राखीव जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. पण राखीव जागेवर निवडून येणे म्हणजे सत्ता मिळणे नव्हे. तमिळनाडूतील मेलवळवू पंचायतीचे अध्यक्षपद अनुसूचित जातींसाठी राखीव झाले. तिथे निवडून आलेले मुरुगेसन यांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ३० जून १९९७ रोजी हत्या झाली. त्याच राज्यात पाप्पापट्टी आणि कीरिपट्टी या गावांनी राखीव अध्यक्षपदाची निवडणूक २००६ पर्यंत नीट होऊ दिली नाही.

आपल्याकडे हाच विरोध बहुधा गोड बोलून होतो. सभेचा अजेंडा हाती पडतो तो किचकट सरकारी भाषेत. वाचून होण्याआधीच विषय 'सर्वानुमते मंजूर' होतो. बोललेला विरोध इतिवृत्तात येत नाही. नगरसेविका निवडून येते आणि खुर्चीवर तिचा नवरा किंवा दीर बसतो. पक्षाचा गटनेता सांगेल तिथे हात वर करायचा. ठेकेदार पहिल्या महिन्यातच घरी येतो आणि त्याच्या येण्याजाण्यात नगरसेवक हळूहळू त्याचाच होतो. जात वैधता प्रमाणपत्राची मुदत चुकली की पदच जाते, हे कुणी वेळेवर सांगत नाही. मग आपणच कट्ट्यावर बसून म्हणतो, आपला माणूस विकला गेला. विकला गेला असेल तर त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण तो एकटा पडला तेव्हा आपण कुठे होतो, हाही प्रश्न आहे.

म्हणून आम्ही सुचवतो की प्रत्येक वॉर्डात पाच-सात जणांचा अभ्यासगट उभा राहावा. त्यात एक वकील असावा, एक हिशेब जाणणारा, एक सफाई कामगार आणि किमान दोन महिला. सभेच्या आधी अजेंडा एकत्र वाचावा. नगरसेवकाने आपला विरोध लेखी द्यावा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. अर्थसंकल्प हातात घेऊन दलित वस्ती सुधार योजनेचा पैसा आपल्या वस्तीत आला की दुसरीकडे वळला, हे तपासावे. आकडे मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज अभ्यासगटाने करावा. गटारात माणूस उतरवला जातो का, कंत्राटी सफाई कामगाराला किमान वेतन मिळते का, हे प्रश्न सभागृहात विचारायला लावावेत. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्याची प्रथा थांबवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे.

कायद्याच्या दोन गोष्टी पाठ असू द्या. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ नुसार ठराव कायद्याला धरून नाही किंवा त्याने शांततेचा भंग होईल, अशा कारणांवरून जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी रोखू शकतात. म्हणजे आपला ठराव मंजूर झाला तरी पाठपुरावा संपत नाही, तिथून तो सुरू होतो. दुसरे म्हणजे, निवडून आलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या सदस्याला त्याचे काम करण्यापासून अडवणे किंवा धमकावणे हा २०१५ च्या दुरुस्तीनंतर अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे.

आणि कुणी म्हणेल, एकट्या नगरसेवकाने करायचे तरी काय? महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये उधळण्याचा विषय सभेत आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे म्हणून त्यांनी एकट्याने विरोधात मत दिले. ठराव मंजूर झालाच. पण जोतिरावांचे ते एक मत आजही आपण सांगतो, बाकीच्यांची नावेही कुणाला आठवत नाहीत.

आपल्या नगरसेवकाला शाल-श्रीफळ देऊन झाले असेल, तर आता पुढच्या सभेचा अजेंडा मागा. तो चांगले काम करील तेव्हा त्याच्या मागे उभे राहा. चुकेल तेव्हा समोर उभे राहा. दोन्ही वेळा तिथे असणे हेच चळवळीचे काम आहे.

जय भीम! जय संविधान!