प्रभातचे पाच मालक

प्रभात फिल्म कंपनीचा इतिहास सांगताना आपण बहुधा चित्रपटांची नावं घेतो. तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीचं बोधचिन्ह आठवतो आणि व्ही. शांताराम या एका नावापाशी थांबतो. पण १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात जी कंपनी निघाली तिचे मालक पाच होते: शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि भांडवल पुरवणारे सराफ सीतारामपंत कुळकर्णी. यांतल्या कोणत्याही दोघांचा पिंड एक नव्हता. शांताराम तापट, महत्त्वाकांक्षी, रोज नवं काहीतरी करून पाहायला उतावीळ. दामले अबोल, यंत्रात रमणारे, दहादा तपासून मगच हो म्हणणारे. फत्तेलाल हाडाचे चित्रकार, रंगरेषांतून विचार करणारे. अशी माणसं तेरा वर्षं एका छपराखाली राहिली आणि त्यांनी उत्तम कामही केलं. याचं श्रेय त्यांच्या मैत्रीला देण्याची रीत आहे. मला वाटतं, मैत्रीपेक्षा कामाच्या वाटणीचा वाटा मोठा होता. इथे कुणाचाही स्वभाव बदलायचा प्रयत्न झाला नाही. ज्याचा जसा स्वभाव, तसं खातं त्याला मिळालं आणि त्या खात्यात शब्द त्याचाच राहिला.

ही वाटणी कुठून आली हे समजायला आधीची दहा वर्षं पाहावी लागतात. पाचांपैकी चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झाले. स्वतःचा कॅमेरा स्वतः बनवणारे, पडदे रंगवणारे, दिग्दर्शनही करणारे बाबूराव हे एकहाती कारागिरीचं टोक होतं. त्यांच्या हाताखाली सगळ्यांनी सगळं केलं. रंगकाम, नेपथ्य, छायाचित्रण, रसायनशाळा, वेळ पडली तर अभिनयही. ‘सावकारी पाश’मधला तरुण शेतकरी शांतारामच आहेत. त्यामुळे दुसऱ्याचं काम किती अवघड असतं हे प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक झालं. पण तिथे अखेरचा निर्णय एकाच माणसाचा, आणि तो माणूस लहरी प्रतिभेचा. शिष्य तयार झाले तरी त्यांना हक्काची जागा मिळेना. शिष्यांनी स्वतःची कंपनी काढली तेव्हा नवा गुरू नेमला नाही. त्यांनी भागीदारी केली.

बोलपट आले तेव्हा या वाटणीची खरी परीक्षा झाली. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) करताना ध्वनिमुद्रणाचा कुणालाच अनुभव नव्हता. हे खातं दामल्यांनी घेतलं. चिकाटीने यंत्र समजून घेणारा माणूस त्यासाठी हवा होता, आणि सेटवरची घाई त्याच्यापर्यंत पोहोचता कामा नये, हेही तितकंच महत्त्वाचं होतं. कंपनी पुण्यात आल्यानंतरच्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) ही वाटणी पडद्यावरच दिसते. देवीच्या अजस्र मूर्तीभोवती उभारलेलं मंदिर फत्तेलालांचं, राजगुरूचा डोळा सगळा पडदा व्यापून टाकतो ती चौकट धायबरांच्या कॅमेऱ्याची, आणि तो डोळा इतक्या जवळून दाखवण्याचा हट्ट दिग्दर्शकाचा. यांतलं एक काढलं तर बाकीची दोन लंगडी पडतात. स्टुडिओत दामले आणि फत्तेलाल यांना सगळे ‘मामा’ म्हणत. दामलेमामा, साहेबमामा. नट पगारी, शिस्त कडक, हजेरी रोजची. अशा ठिकाणी रागावणारा एक आणि ज्याच्याकडे गाऱ्हाणं नेता येईल असे दोन मामा, ही व्यवस्था कुणी ठरवून केली नसेलही, पण ती उपयोगी पडली असणार.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळं शांतारामांच्या प्रतिभेवर चाललं, बाकीचे चांगले मदतनीस. ‘संत तुकाराम’ (१९३६) या आक्षेपाला पुरून उरतो. दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचं, पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्याची संथ चाल, जिजाईच्या तोंडची रोखठोक भाषा, चमत्कारालाही घरगुती करून टाकणारा साधेपणा, यांतलं काही शांतारामांच्या पठडीतलं नाही. पुढच्याच वर्षी त्याच आवारात शांतारामांनी ‘कुंकू’ केला, पार्श्वसंगीत टाळून केवळ प्रसंगातल्या आवाजांवर. दोन्ही चित्रपट एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. एक श्रद्धेत शांतावतो, दुसरा घरातल्या अन्यायावर दात ओठ खातो. एकाच कंपनीतून हे दोन्ही निघाले, कारण कुणी कुणाला आपल्यासारखं व्हायला सांगितलं नव्हतं. शिवाय दामल्यांनी घडवलेलं ध्वनिखातं नसतं तर ‘कुंकू’चा प्रयोग कागदावरच राहिला असता.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. हे जमलं होतं तर मोडलं का? धायबर ‘राजपूत रमणी’ (१९३६) दिग्दर्शित करून बाहेर पडले, १९४२ साली शांताराम गेले. या फाटाफुटींमागे खासगी कारणं सांगितली जातात आणि ती अगदीच खोटी नसतील. पण केवळ खासगी कारणांनी कंपन्या मोडत असत्या तर प्रभात कोल्हापुरातच मोडली असती. मला दिसतं ते असं की कॅमेरा, ध्वनी, नेपथ्य ही खाती वाटता येतात, दिग्दर्शकाची खुर्ची वाटता येत नाही. तिच्याबरोबर नाव येतं, आणि प्रेक्षकांच्या तोंडी एकच नाव राहतं. मालक बरोबरीचे होते, पण बाहेरच्या जगात ती बरोबरी राहिली नाही. १९३६ नंतर एका आवारात दिग्दर्शनाचे दोन संसार सुरू झाले. स्वभाव पूर्वीही वेगळेच होते, आता ते एकाच जागेवर हक्क सांगू लागले. ‘माझं खातं’ म्हणून जे मतभेद पूर्वी विरून जायचे ते आता ‘माझा चित्रपट’ म्हणून उभे राहिले.

तेरा वर्षं थोडी आहेत का, हेही तपासून पाहावं. त्या काळातल्या दुसऱ्या मोठ्या स्टुडिओचं, बॉम्बे टॉकीजचं, सूत्र हिमांशू राय या एका माणसाच्या हाती होतं. १९४० साली ते गेले आणि तीन वर्षांत शशधर मुखर्जी, अशोककुमार वगैरे मंडळींनी बाहेर पडून फिल्मिस्तान काढली. एकखांबी तंबू खांब जाताच खचला. प्रभात तशी खचली नाही. शांतारामांनंतरही तिने गजानन जागीरदारांकडून ‘रामशास्त्री’ (१९४४) करून घेतला. पण पुढच्याच वर्षी दामले वारले. १९५३ साली कंपनीला टाळं लागलं आणि १९६० पासून त्याच जागेत सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे. मधल्या काळात वाटणी करणारेच उरले नव्हते, त्यामुळे वाटायला खाती असूनही उपयोग नव्हता.

शांतारामांनी मुंबईत राजकमल कलामंदिर उभारलं आणि तिथे ते एकमेव धनी झाले. ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ आणि ‘दो आँखें बारह हाथ’ पाहून कुणी म्हणणार नाही की त्यांना मामांच्या आधाराची गरज होती. फक्त राजकमलच्या चित्रपटांत धन्याची छाप पहिल्या चौकटीपासून शेवटपर्यंत दिसते आणि त्यांतला एकही ‘तुकाराम’च्या वळणाचा नाही. तसा चित्रपट करणारे मामा तिथे नव्हते.