नांवाची नोंद आणि कराराचीं कलमें

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत मीं आजवर किती विद्यार्थी नेले असतील, त्याची मोजदाद नाहीं. मुलांचें लक्ष शिदोरीकडे असे; माझें मात्र दहाव्या लेण्यांतील एका लेखावर खिळलेलें असे. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं भिक्षुसंघासाठीं तीन हजार कार्षापणांची कायम ठेव केली. ती त्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे सोंपविली : एकीकडे दोन हजार, दरमहा शेंकडा एक व्याजानें, दुसरीकडे एक हजार, शेंकडा पाऊण व्याजानें. मुद्दल परत मागावयाचें नाहीं, व्याज तेवढें भोगावयाचें, अशी अट. पहिल्या व्याजांतून पावसाळ्यांत लेण्यांत राहणाऱ्या वीस भिक्षूंस वस्त्रासाठीं प्रत्येकीं बारा कार्षापण द्यावयाचे. हिशेब करून पाहा : २००० वर वर्षाचें व्याज २४०, आणि वीस जणांचे बारा-बारा मिळूनहि २४०! हा सारा व्यवहार निगमसभेंत ऐकविला व फलकावर, म्हणजे तेथील नोंदींत, चढविला, असें लेख स्वतःच सांगतो. ठेव कोणाकडे, दर काय, परत काय मिळणार नाहीं आणि नोंद कोठें, हें त्या दात्यानें दगडांत कोरवून ठेवलें.

त्या लेखाची आठवण मला गेल्या वर्षीं एका अगदींच आधुनिक प्रसंगानें झाली. आमच्या माजी विद्यार्थी मंडळाचें इंटरनेटवर एक संकेतस्थळ होतें. तें बांधून देणाऱ्या तरुणानेंच त्याचें नांव, ज्यास डोमेन म्हणतात तें, नोंदविलें. पैसे मंडळाचे, पण नोंद त्याच्या नांवें. तो परगांवीं गेला, त्याचा ई-मेलचा पत्ता बदलला, मुदतीचीं स्मरणपत्रें जुन्याच पत्त्यावर जात राहिलीं, आणि एके सकाळीं आमच्या नांवाखालीं भलत्याच कुणाची जाहिरात दिसूं लागली. दोष त्या तरुणाचा म्हणावा, तर पावती पाहून फाईल बंद करणारा चिटणीस मीच होतों.

हा नोंदीचा धंदा फार जुना नाहीं. आरंभीं अमेरिकेंत जाळ्यांतील सगळ्या संगणकांचीं नांवें एकाच यादींत मावत आणि ती यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंतील एक कचेरी सांभाळी. यादी आवरेना, तेव्हां १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं नांवांची आजची उतरंडीची पद्धत मांडली. १५ मार्च १९८५ रोजीं पहिलें ‘डॉट कॉम’ नांव नोंदलें गेलें. १९९५ पर्यंत नोंदीस दाम पडत नसे. मग त्या कामाचा मक्ता असलेल्या एकाच कंपनीनें दोन वर्षांस शंभर डॉलर घेण्यास आरंभ केला. १९९८ सालीं आयकॅन ही देखरेख करणारी संस्था निघाली आणि पुढच्या वर्षापासून अनेक रजिस्ट्रार, म्हणजे नांवें नोंदवून देणारे, बाजारांत उतरले. आपल्याकडे ‘डॉट इन’ची नोंद २००५ पासून सर्वांस सुलभ झाली, २७ ऑगस्ट २०१४ पासून ‘डॉट भारत’ हें देवनागरींतहि मिळूं लागलें.

स्पर्धेनें दर उतरले खरे, पण पहिल्या वर्षाचा दर ठळक अक्षरांत असतो आणि नूतनीकरणाचा कलमांत दडलेला असतो. पुष्कळदां तो कितीतरी अधिक असतो. नांव विकत मिळतें ही समजूतहि खोटी. तें मुदतीनें वापरावयास मिळतें, एका वेळीं फार तर दहा वर्षें. ‘डॉट कॉम’सारख्या नांवांसाठीं मुदतीपूर्वीं सुमारें एक महिना व एक आठवडा अशीं दोन स्मरणपत्रें रजिस्ट्रारनें धाडावीं, असा आयकॅनचा नियम आहे; पण तीं जातात नोंदींतल्या पत्त्यावर! मुदत टळून नांव खोडलें गेलें तरी तीस दिवस मूळ धन्यास तें सोडवितां येतें. त्याचें शुल्क मात्र नेहमींच्या दराच्या अनेक पट असूं शकतें. कित्येक करारांत तर मुदत टळलेलें नांव लिलावांत काढण्याचा हक्क रजिस्ट्रारनें स्वतःकडे राखलेला असतो. आमचें नांव बहुधा याच वाटेनें गेलें. रजिस्ट्रार बदलावयाचा, तर जुन्याकडून एक संकेतशब्द घ्यावा लागतो. मागितल्यापासून पांच दिवसांत तो देण्यास किंवा तो काढून घेण्याची सोय करण्यास रजिस्ट्रार बांधलेला आहे. या गोष्टी ज्याच्या करारांत उघड लिहिलेल्या नसतील, त्याचा दर कितीहि कमी असो, मी त्याच्या दारीं जाणार नाहीं. मध्यस्थाकडून नोंद करणाऱ्यानें खरा रजिस्ट्रार कोण, हेंहि आधीं विचारावें.

नांव गेल्यावर न्यायालय आहेच, असें कोणी म्हणेल. २००४ सालीं सत्यम इन्फोवेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें डोमेन नांवास व्यापारचिन्हासारखें संरक्षण मिळूं शकतें, असा निकाल दिला, हें खरें. पण वर्गणी थकलेल्या मंडळाला वकिलाचा खर्च कोठून परवडणार?

आतां नवें नांव मंडळाच्याच नांवें पांच वर्षांसाठीं घेतलें असून, मुदतीची तारीख सभेच्या इतिवृत्तांत उतरविली आहे. स्मरणिकेच्या उरलेल्या प्रतींवर मात्र जुनेंच नांव छापलेलें आहे; त्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटविण्याचें काम दर रविवारीं चालतें.