अफवा, भटका समाज आणि संपर्कमाध्यमे : राईनपाड्याच्या घटनेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवडे बाजाराच्या दिवशी पाच भिक्षेकऱ्यांची जमावाने हत्या केली. हे पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते व त्यांतील बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातून भिक्षेसाठी तेथे आले होते. मुले पळविणारी टोळी परिसरात फिरत आहे, अशा आशयाचे संदेश त्यापूर्वी काही दिवस भ्रमणध्वनीवरून पसरत होते. एका मुलीशी बोलताना दिसल्यावरून त्यांच्याविषयी संशय निर्माण झाला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडण्यात आले आणि तेथेच मारहाणीत त्यांचा अंत झाला.

या घटनेनंतर झालेल्या चर्चेत व्हॉट्सअॅप हे माध्यमच मुख्य आरोपी ठरले. माध्यमाचा वेग, त्याच्या वापरातील अजाणतेपणा आणि कंपनीची जबाबदारी हे चर्चेचे विषय होते. ते महत्त्वाचे आहेतच. तथापि, संदेशात कोणाचेही नाव नसताना संशय याच पाच जणांवर का आला, या प्रश्नाचे उत्तर माध्यमाच्या अभ्यासातून मिळत नाही. ते इतिहासात शोधावे लागते. त्या दिशेने विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

उद्दिष्टे

१) अफवेच्या अभ्यासाची सामाजिक शास्त्रांतील परंपरा थोडक्यात पाहणे.
२) भटक्या समाजाविषयीच्या संशयाची ऐतिहासिक जडणघडण तपासणे.
३) २०१७-१८ मधील घटनांत माध्यमाचा वाटा किती व पूर्वग्रहाचा वाटा किती, याचा विचार करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे.

अफवेच्या अभ्यासाची परंपरा

अफवा हा इतिहासलेखनाचा विषय होऊ शकतो, हे फ्रेंच इतिहासकार जॉर्ज लफेव्र यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘१७८९ची महाभीती’ या विषयावरील ग्रंथात दाखवून दिले. १७८९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या ग्रामीण भागात लुटारूंच्या टोळ्या येत असल्याची वार्ता पसरली आणि गावेच्या गावे शस्त्रे घेऊन उभी राहिली. ही भीती कोणत्या गावाहून कोणत्या गावाला व कोणत्या मार्गाने गेली, याचा माग लफेव्र यांनी काढला. धान्यटंचाईमुळे रस्त्यांवर भटकणाऱ्या गरिबांची संख्या वाढली होती आणि या अनोळखी माणसांच्या भयातूनच ‘लुटारू’ निर्माण झाले, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

भारतातही या विषयाचा अभ्यास फार पूर्वी सुरू झाला होता. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारमधील भूकंपानंतर पसरलेल्या अफवांचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी केला आणि १९३५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. भूकंप होऊन गेल्यावरही आणखी मोठ्या संकटाच्या अफवा का पसरतात, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. पुढे लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या संज्ञानात्मक विसंगतीच्या सिद्धांताला या अभ्यासाचा आधार मिळाला. मनात आधीच भीती असेल, तर त्या भीतीला कारण पुरविणारी वार्ता मनुष्य सहज स्वीकारतो, हे त्यातील सूत्र होय. ऑलपोर्ट व पोस्टमन यांनी १९४७ मध्ये विषयाचे महत्त्व आणि माहितीची संदिग्धता या दोन घटकांवर अफवेचे बळ अवलंबून असते, असे सांगितले.

रणजित गुहा यांनी वसाहतकालीन शेतकरी उठावांवरील आपल्या १९८३ च्या ग्रंथात अफवेकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. अफवेला कर्ता नसतो, ती तोंडोतोंडी पसरते आणि ऐकणारा प्रत्येक जण ती पुढे नेणारा होतो. म्हणूनच निरक्षर समाजात ती उठावाचे प्रभावी साधन ठरते, असे त्यांनी दाखविले.

सत्तेविरुद्धची अफवा आणि दुर्बलाविरुद्धची अफवा

गुहांच्या या विवेचनाला भारतीय इतिहासात भरपूर आधार सापडतो. १८५७ च्या प्रारंभी उत्तर हिंदुस्थानात गावोगाव फिरलेल्या चपात्या आणि चरबी लावलेल्या काडतुसांची वार्ता ही त्याची परिचित उदाहरणे होत. १८९६-९७ च्या प्लेगच्या साथीत मुंबई-पुण्याकडे अशीच स्थिती निर्माण झाली. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, तेथे माणसांच्या देहातून मोमियाई काढतात, अशा वार्ता पसरल्या. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला घरात शिरून तपासणी करण्याचे व माणसे हलविण्याचे अधिकार मिळाल्यानंतर ही भीती अधिकच वाढली.

या अफवा खोट्या असल्या तरी निराधार नव्हत्या, कारण त्यांच्यामागे सत्तेच्या वास्तव जाचाचा अनुभव होता. त्यांचा रोख बलवानाकडे होता. राईनपाड्याच्या अफवेचा रोख याच्या नेमका उलट आहे. तेथे आदिवासीबहुल भागातील एका वंचित समूहाचा संशय त्याहूनही निराधार अशा दुसऱ्या समूहावर गेला. अफवेला केवळ दुर्बलांचे शस्त्र मानणाऱ्या मांडणीला या घटनेने मर्यादा घातली आहे.

फिरस्ता संशयित कसा झाला?

पारंपरिक गावगाड्यात भटक्यांना एक स्थान होते. डवरी गोसावी, वासुदेव, नंदीबैलवाले, बहुरूपी हे ठरावीक ऋतूत ठरावीक मुलखात येत आणि भिक्षेच्या बदल्यात धर्म, मनोरंजन, भविष्य व बातमी देत. हे स्थान मानाचे नसले तरी ओळखीचे होते. त्याचबरोबर ‘बुवा येईल आणि झोळीत घालून नेईल’ ही मुलांना घालण्यात येणारी भीतीही मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या होती. झोळीवाल्याविषयीचा आदर आणि भय असे एकत्रच नांदत होते.

वसाहतकाळात या भयाला कायद्याचे रूप मिळाले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातच जन्मतः गुन्हेगार असू शकते, हे तत्त्व राज्यकारभारात आणले. जातीनुसार व्यवसाय चालतो, त्याप्रमाणे गुन्हाही वंशपरंपरेने चालतो, असा त्यामागील तर्क होता. प्रारंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये मुंबई व मद्रास इलाख्यांसह सर्वत्र लागू करता येईल असा करण्यात आला आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. नोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी, प्रवासावर निर्बंध आणि वसाहतीत सक्तीचा निवास ही त्याची साधने होती. सोलापूर येथील तारेच्या कुंपणातील वसाहत, म्हणजेच ‘सेटलमेंट’, हे महाराष्ट्रातील त्याचे ठळक उदाहरण होय. ज्याचे घर एका जागी नाही तो संशयित, ही धारणा या काळात प्रशासनाच्या नोंदवह्यांत पक्की झाली.

मराठी समाजअभ्यासही या धारणेपासून अलिप्त राहिला नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गुन्हेगार जाती’ या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यांचा १९१५ चा ‘गावगाडा’ हा ग्रामव्यवस्थेचा अत्यंत मोलाचा ग्रंथ आहे. परंतु त्यातही फिरस्त्यांचा विचार प्रामुख्याने कुणब्याच्या श्रमावर पडणारा भार म्हणून येतो. गावाच्या बाजूने पाहणाऱ्या अभ्यासकाला गावाबाहेरचा माणूस उपद्रवी दिसावा, हे त्या काळाशी सुसंगत होते. फिरस्त्याच्या बाजूने गाव कसे दिसते, हे वाचकांना कळण्यासाठी लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांची वाट पाहावी लागली.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा देशभरात रद्द झाला व या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. परंतु त्याच दशकात मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा १९५९ चा कायदा आणि भिक्षा प्रतिबंधाचा १९५९ चा कायदा हे दोन कायदे झाले. पहिल्याने जमातीऐवजी व्यक्तीवर पाळत ठेवण्याची तरतूद केली आणि दुसऱ्याने भिक्षेकऱ्याचे जगणेच कायद्याच्या कक्षेत आणले. नाथपंथी डवरी गोसावी हा समाज राज्याच्या यादीत विमुक्त जातींत नव्हे, तर भटक्या जमातींत मोडतो. तरीही गुन्हेगारीचा शिक्का एखाद्या यादीपुरता राहत नाही. तो यादीबाहेरच्या प्रत्येक झोळीवाल्यापर्यंत पोहोचतो. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ च्या अहवालात या समाजांकडील ओळखपत्रे, शिधापत्रिका व निवारा यांच्या अभावाकडे लक्ष वेधले. परमुलखात आपली ओळख पटवून देता न येणे हा या अभावाचा सर्वांत घातक परिणाम होय.

माध्यमाचा वाटा

२०१६ च्या उत्तरार्धानंतर मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि ग्रामीण भागातही व्हॉट्सअॅप पोहोचले. भारतातील त्याच्या वापरकर्त्यांची संख्या वीस कोटींवर गेली. मे २०१७ मध्ये झारखंडमध्ये मुले पळविण्याच्या अफवेतून सात जणांच्या हत्या झाल्या. जून २०१८ मध्ये आसामच्या कार्बी आंगलाँग जिल्ह्यात दोन तरुण मारले गेले. त्याच महिन्यात त्रिपुरामध्ये अफवांवर विश्वास ठेवू नका, असे ध्वनिक्षेपकावरून सांगण्यासाठी नेमलेल्या माणसालाच जमावाने ठार केले. या काळात फिरणारी एक चित्रफीत मुळात कराचीतील एका संस्थेने बालसुरक्षेच्या जागृतीसाठी तयार केलेली होती. शेवटचा खुलासा कापून टाकल्यामुळे तीच अपहरणाचा ‘पुरावा’ ठरली.

गुहांनी सांगितलेला अफवेचा निनावीपणा येथे कायम आहे, पण त्यात एक बदल झाला आहे. मजकुराचा कर्ता अज्ञात असतो, मात्र तो पाठविणारा काका, शेजारी किंवा शाळासोबती असतो. मजकुराला विश्वासार्हता मिळते ती या नात्यामुळे. शिवाय ऐकीव वार्तेला आता चित्राची जोड मिळाली आहे.

व्होसुघी, रॉय व अरल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ट्विटरवरील सुमारे १ लाख २६ हजार वार्तांचे विश्लेषण केले आणि खोटी वार्ता खरीपेक्षा दूरवर व वेगाने जाते, असे दाखविले. तथापि, ट्विटर हे खुले माध्यम आहे. व्हॉट्सअॅपचे संदेश कूटबद्ध असल्यामुळे अशी मोजणी तेथे शक्य नाही. शकुंतला बनाजी व राम भट यांनी २०१९ मध्ये वापरकर्त्यांच्या मुलाखतींतून केलेला अभ्यास या दृष्टीने अधिक उपयुक्त ठरतो. केवळ तांत्रिक निरक्षरता हे हिंसेचे कारण नसून विशिष्ट समूहांविषयीचा पूर्वग्रह हे महत्त्वाचे कारण आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. राईनपाड्याच्या घटनेचा ऐतिहासिक विचार याच निष्कर्षाला पुष्टी देतो.

उपाययोजना आणि त्यांच्या मर्यादा

राईनपाड्यानंतर उपाय त्वरेने योजले गेले. व्हॉट्सअॅपने जुलै २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली, ‘फॉरवर्डेड’ अशी खूण सुरू केली आणि वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक व्यक्तींनी वंश, जात, समुदाय, जन्मस्थान, भाषा इत्यादी कारणांवरून केलेल्या हत्येसाठी स्वतंत्र तरतूद झाली. योगायोगाने ही संहिता १ जुलै २०२४ रोजी, म्हणजे राईनपाड्याच्या घटनेला सहा वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी अमलात आली.

तरीही १६ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदीच्या काळात पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अफवेतून दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची हत्या झाली. संदेशाचा वेग कमी करणारे उपाय आवश्यक आहेत. परंतु अनोळखी फिरस्त्याविषयीचा संशय कमी करणारा एकही उपाय वरील यादीत नाही. वेगावर उपाय झाला, दिशेवर झाला नाही.

निष्कर्ष

१) अफवेचे माध्यम बदलले तरी तिचे लक्ष्य बहुधा समाजात आधीच ठरलेले असते. राईनपाड्याच्या बाबतीत ते ठरविण्यात गावगाड्यातील भय आणि वसाहतकालीन कायदा या दोहोंचा वाटा आहे.

२) सत्तेविरुद्धची आणि दुर्बलाविरुद्धची अफवा यांत भेद करणे अभ्यासाच्या दृष्टीने आवश्यक आहे. दोन्हींचा प्रसार सारखा असला तरी सामाजिक अर्थ भिन्न आहे.

३) संपर्कमाध्यमांवरील वर्तनाचे संशोधन केवळ संदेशांच्या संख्येवर थांबू नये. लफेव्र यांनी ज्याप्रमाणे गावोगावचा माग काढला, त्याप्रमाणे बाजार, रस्ते, पोलीस दप्तर आणि भटक्यांची तोंडी साक्ष यांच्या आधारे स्थानिक अभ्यास होण्याची गरज आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास व समाजशास्त्र विभागांना हे काम करता येण्यासारखे आहे.

४) भटक्या समाजाला ओळखपत्र, निवारा व पर्यायी उपजीविका मिळणे हा कल्याणाचा प्रश्न आहे, तसाच तो जीविताच्या सुरक्षेचाही प्रश्न आहे. शालेय पाठ्यपुस्तकांत या समाजांचा इतिहास येणे हाही त्याच उपायाचा भाग होय. १९५२ मध्ये कायद्याने पुसलेला शिक्का समाजमनातून पुसला गेलेला नाही, याची साक्ष राईनपाड्याने दिली आहे.