दोन चेतक आणि एक चरखा

दिवाळीत नालवाडीला घरी गेलो की माझं एक ठरलेलं काम असतं. शेडमधली बाबांची जुनी चेतक बाहेर काढायची, धूळ झटकायची, दहा-बारा किका मारायच्या आणि गाडी सुरू झाली की पुण्यातल्या मित्रांना फोटो पाठवायचा. यंदा बाबांनी चहा पिता पिता जाहीर केलं, "हे विकून टाकू अन् ते करंटवाली चेतक घेऊ."

मी हबकलोच. म्हटलं, बाबा, ही काय विकायची वस्तू आहे?

"अबे, मंग रोज सकाळी किक माराले तू येशील का पुण्याहून?"

यावर काय बोलणार? बाबांचा गुडघा गेली दोन वर्षं कुरकुरतोय. मग सवयीप्रमाणे दोन्ही गाड्यांचा डिझाइन रिव्ह्यू करायला बसलो. त्याचाच हा वृत्तांत.

सुरुवात आमच्या वर्ध्यापासूनच करावी लागते. जमनालाल बजाज यांना वर्ध्याच्या शेठ बच्छराज यांनी नातू म्हणून दत्तक घेतलं होतं. १९४५ साली जी कंपनी स्थापन झाली आणि पुढे बजाज ऑटो झाली, तिचं मूळ नाव बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. जमनालालजी १९४२ लाच गेले होते, म्हणजे स्कूटरचा धंदा त्यांनी पाहिलाच नाही. कंपनी आधी बाहेरून गाड्या आणून विकायची. १९५९ मध्ये इथेच बनवायचा परवाना मिळाला आणि इटलीच्या पियाजिओशी करार करून व्हेस्पा बनू लागली. १९७१ ला करार संपला. १९७२ मध्ये त्याच घाटाची स्कूटर स्वतःच्या नावाने आली. नाव ठेवलं महाराणा प्रतापांच्या घोड्याचं. पुढे परमिट राजच्या काळात ती मिळायला लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली.

आता गंमत बघा. ज्या आकाराकडे बघून आपण 'अस्सल देशी' म्हणत हळवे होतो, तो आकार मुळात कोराडिनो दास्कानियो या इटालियन इंजिनियरचा, १९४६ चा. हा माणूस विमानं-हेलिकॉप्टरवाला. त्याला मोटरसायकली अजिबात आवडत नसत. म्हणून त्याने इंजिन पत्र्याखाली झाकलं, पायांपुढे ढाल दिली, वेगळी चासी न ठेवता पत्र्याच्या अंगालाच भार पेलायला लावला. चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं, म्हणजे पंक्चर झालं तर पटकन काढता येतं. थोडक्यात, त्या आकारातली प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी होती.

बाबांच्या चेतकमध्ये हे सगळं तसंच आहे. दीडशेच्या आतबाहेर सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, डाव्या मुठीत चार गियर, दहा इंची चाकं, स्टेपनी, पेट्रोलमध्ये ऑईल. प्लगवर काजळी धरणं हा टू-स्ट्रोकचा स्वभावच. डिकीत प्लग-पाना, क्लचची एक जादा केबल आणि पॉलिश पेपरचा तुकडा असला की माणूस कुठूनही घरी येत असे.

नवी चेतक १६ ऑक्टोबर २०१९ ला जगासमोर आली आणि जानेवारी २०२० मध्ये पुणे-बंगळूरमध्ये विक्रीला. (मधल्या काळात, डिसेंबर २००९ मध्ये बजाजने स्कूटर बनवणं थांबवत असल्याचं सांगून टाकलं होतं.) ३ किलोवॅट-तासांची बॅटरी, बारा इंची ट्यूबलेस चाकं आणि पूर्ण चार्जवर इको मोडमध्ये ९५ किमीचा दावा. अंग पत्र्याचंच आणि चाकंही एकाच बाजूने धरलेली. पण पोटातलं इंजिन गेलं तरी बाजूचा फुगीरपणा राहिला आणि स्टेपनी गेली तरी तिच्यासाठी शोधलेली रचना राहिली. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकएंड सगळा नव्याने लिहिला आणि स्क्रीन मात्र जुनीच ठेवली, म्हणजे जुना युजर बिचकायला नको :)

माझा निकाल तयार होता. जुनी खरी, नवी नक्कल. पण निकालाला काहीतरी मोजमाप हवं ना? ते मला आमच्या गावातच सापडलं.

नालवाडीला १९३२ च्या अखेरीस विनोबा राहायला आले. सूत कातून जे मिळेल त्यातच जगायचं, हा प्रयोग त्यांनी इथे केला. १९३८ ला ते पवनारला गेले. पण सुताच्या कमाईवर जगायचं तर चरखाही तसा हवा, आणि तो कसा हवा हे १९२९ मध्येच लिहून झालं होतं. गांधीजींच्या अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी तब्बल १ लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्याच्या अटी म्हणजे नमुनेदार स्पेसिफिकेशन! किंमत १५० रुपयांच्या आत. वेळेवर देखभाल केली तर किमान २० वर्षं न थांबता चालावा. देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये. आणि एखाद्या बाईला फार कष्ट न पडता सलग आठ तास चालवता यावा. ते बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही.

लावू या हीच पट्टी. २० वर्षं? बाबांची चेतक केव्हाच पास. नवीच्या पहिल्या मॉडेलच्या बॅटरीला हमी होती ३ वर्षं किंवा ५० हजार किमीची, आणि ती बॅटरी घरी पाना घेऊन उघडायची वस्तू नव्हे. ५ टक्के? बाबांच्या हिशोबाच्या वहीत बोअर-पिस्टनचं एक वर्ष सोडलं तर जुनी पास. दोन-शून्य! मी खुशीत पुढच्या अटीवर आलो आणि अडकलो.

'एखाद्या बाईला फार कष्ट न पडता.'

आईने ही गाडी कधीच चालवली नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. किक, मुठीतले गियर, सगळंच बाबांचं खातं. बाबा घरी नसले की ती बजाज चौकात ऑटोने जायची, नाहीतर पायी. माझ्या सगळ्या आठवणी पुढे उभं राहून हॅंडल धरणाऱ्या पोराच्या. त्यात आई मागे, एका बाजूला पाय सोडून, हातात पिशवी. मी तिला विचारलं, तुला कधी शिकावंसं वाटलं नाही? ती म्हणाली, "वाटलं ना. पण हे म्हणत, तुला नाही जमायचं."

बाबांनी पेपर जरा वर धरला.

तर शेवटी नवी घेतली, माझ्या हप्त्यावर. तिला गियर नाहीत, किक नाही आणि अंगणातून मागे घ्यायला रिव्हर्सही आहे. आई तिसऱ्या दिवशी एकटी बजाज चौकात जाऊन भाजी घेऊन आली. ती नक्कल आहे की काय, हे तिने विचारलं नाही.

जुनी विकली नाही. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं पुन्हा पासिंग, ग्रीन टॅक्स वगैरे मी बघतोय. बाबांची एकच अट आहे. प्लग आता मी साफ करायचा आणि तोही त्यांच्यासमोर.